टाकीचा निष्कर्ष

मंगळवार, १४ ऑगस्ट २००७

आज साथरोगाच्या तासाला मीच तपास केलेली एक जुनी केस शिकवली. खराडीतली नवी सोसायटी, बहुतेक आयटीवाले, एकादशीच्या संध्याकाळी अकरा जणांना उलट्या. त्यातल्या सात बायका म्हणाल्या होत्या, उपवास होता. मी खाण्याच्या रकान्यात 'काही नाही' लिहिलं. म्हणजे कारणांतून अन्न वगळलं. मग पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं सापडलं, आणि माझ्या अहवालावरून सोसायटीनं टाकी सांभाळणाऱ्या वॉचमनला, सोपानरावांना, कामावरून काढलं.

यवतमाळची एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, उपवासाची भगर नाही खाल्ली का कोणी? तिनंही विषबाधा होते."

मागून कोणीतरी, "एकादशी अन् दुप्पट खाशी." वर्ग हसला. मीही हसले असावे.

घरी येऊन मूळ फॉर्म काढले. सातही ठिकाणी माझंच अक्षर, 'काही नाही'. मी उपवास करत नाही, हे कारण होऊ शकतं का? आई दर एकादशीला तीच भगर करते, वरीचे तांदूळ म्हणते. मला माहीत होतं. तरी विचारलं नाही. भगरच होती असं मी म्हणत नाही. पण टाकी होती, असंही आता म्हणता येत नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन करून अहवाल चुकल्याचं सांगितलं.

"अहो मॅडम, मग आता कोणाला काढायचं?"

मी सोपानरावांचा पत्ता मागितला. सेक्रेटरींकडे नाही. माझ्या कागदांतही नाही. त्यांना मी काही विचारलंच नव्हतं.