डाव्या खांबाजवळची जाळी

९ जानेवारी
प्राचार्यांनी बोलावलं होतं. मीणा सर ३१ला निवृत्त होताहेत, सन्मानपत्र मी लिहायचं. "आप तो उनके साथ ही रहती हैं, आप ही लिख दीजिए." साथ म्हणजे दीडेक वर्षाची, तीही करारावरची सहायक प्रशिक्षक म्हणून. सरांनी मात्र अख्खी नोकरी याच मैदानावर काढली. आधी मुलांचा फुटबॉल संघ, अलीकडे मुलींचा.
मजकुराचा साचा ठरलेला आहे. नाव, जन्मगाव, मग 'उपलब्धियाँ', म्हणजे कामगिरी. तिथे काय लिहू?
सरांनाच विचारलं. म्हणाले, "लिखो, मैदान में पानी समय पर डलवाया."
हसले नाहीत. चेष्टा होती की नाही, कळलं नाही.

११ जाने.
चौकशी चालू. क्रीडाविभागात ढालींचं कपाट आहे. सगळ्या उपविजेत्यांच्या. एक तर दाराला टेकू म्हणून लावलेली. आंतरमहाविद्यालयीन फायनलला सर कितीदा तरी गेले, जिंकले एकदाही नाहीत.
मग सर आले की दुसऱ्या कॉलेजांचे कोच उभे का राहतात? आज ऑफिसातल्या बाबूजींनी सांगितलं. निम्मे कोच सरांचेच जुने खेळाडू. प्रताप नगरच्या कॉलेजचे नईमजी, ज्यांच्याशी आमची यंदा फायनल आहे, तेही. म्हणजे सरांना हरवणारे बहुतेक सरांनीच घडवलेले.
ही उपलब्धी धरायची की तिच्या उलट काही? बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "हरलेला मास्तर म्हण की सरळ." आईने डोळे वटारले.

१३ जाने.
सन्मानपत्रात घालण्यासारखी एक गोष्ट सापडली, पण तिथे ती बसेल का?
मध्यंतराला सर कधीच काही सांगत नाहीत. बाकीचे कोच ओरडतात, हातवारे करतात. सर पाण्याच्या ड्रमावर बसतात आणि एकेकीला विचारतात, "क्या दिखा?" प्रत्येकीने एक गोष्ट सांगायची. "उनकी चार नंबर थक गई है." "धूप हमारी आँख में है." 'मला वाटतं' म्हटलं की थांबवतात. "लगा नहीं, दिखा क्या?" शेवटी मलाही विचारतात. सुरुवातीला मी मुलींपैकीच कुणाचं तरी उत्तर पुन्हा सांगायचे. आता मी मध्यंतर व्हायच्या आधीपासूनच एखादी गोष्ट शोधून ठेवते, आणि ती खरंच दिसली होती ना, हेही दोनदा तपासते.
पण सरांना स्वतःला काय दिसतं? ते कुणी कधी विचारलेलं नाही.

१५ जाने.
संक्रांतीची दुसरी सकाळ. मैदानभर मांजा. इथे दर वर्षी हेच. सराव नाही, मुली रांगेत वाकून मांजा वेचतात. आईने दिलेला तिळगूळ वाटला. पूजा (आमची स्ट्रायकर, जिभेने त्याहून वेगवान) म्हणाली, "दीदी, मीठा बोलने की शर्त है तो मैं नहीं खा रही."
डाव्या गोलच्या जाळीवर एक कटलेली पतंग अडकली होती. कुणीतरी बांबूने ओढली असणार. त्या गोलच्या डाव्या खांबाजवळ, बाजूच्या जाळीला चेंडू जाईल एवढं भोक. नवी जाळी एप्रिलनंतर. सुतळी नव्हती. मुलींनी गोळा केलेल्यात सद्दा होता, म्हणजे बिनकाचेचा साधा पतंगीचा दोरा. तो पदर पदर करून मी भोक विणून काढलं. छान दिसत होतं.
सर लांबूनच बघून गेले. "फाइनल तक चलेगी?"
चलेगी म्हणाले मी.

२१ जाने.
जिंकलो. १-०.
नीट, क्रमाने लिहिते.
सामन्याआधी रेफ्रींनी जाळी ओढून पाहिली. टिकली. दुसऱ्या हाफात पूजा डावीकडून आत घुसली आणि डाव्या गोलच्या जवळच्या कोपऱ्याकडे, म्हणजे डाव्या खांबाकडे, चेंडू जमिनीलगत जोरात मारला. मारताना पडली. धूळ. धूळ बसली तर चेंडू जाळीत. शिट्टी, गोल.
त्यांची गोलकीपर दीपिका धावत आली. "सर, बाहर से घुसी है. पोस्ट के बाहर से." रेफ्री लांब होते, त्यांना धुळीत काही दिसलं नव्हतं. लाइन्समन पलीकडच्या बाजूला. नईमजींनी तिला मागे घेतलं आणि आमच्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "सर कह दें गोल है, तो गोल है."
सर म्हणाले, "मुझे नहीं दिखा." मग माझ्याकडे वळले. मी एका बदली खेळाडूला वॉर्म-अप करवत त्याच कोपऱ्यापाशी उभी होते. "आपको क्या दिखा?"
मी म्हणाले, "जाळी हिली. बस इतना दिखा." हिंदीत जाळी म्हणाले, तेही आत्ता लक्षात येतंय.
खरं होतं ते. जाळी हलली एवढंच दिसलं. रेफ्रींनी गोल कायम ठेवला.
सरांनी ढाल घेतली तेव्हा एका हाताने घेतली, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली होती. ती ठेवायचं सुचलं नसावं. नईमजी त्यांच्या पाया पडले.
मला काय दिसलं ते मी सांगितलं. त्या जागी भोक होतं आणि ते दोऱ्याने विणलेलं होतं, हे मला माहीत होतं. ते सांगितलं नाही. कुणी विचारलं नव्हतं.

२२ जाने.
सुट्टी होती, तरी सकाळी मैदानावर गेले. सद्दा तुटलाय. टोकं आतल्या बाजूला लोंबताहेत. म्हणजे बाहेरून धक्का? पण चेंडू काढताना मुलींनी जाळी ओढलीच असेल, त्यात टोकं कुठेही जातील. चेंडू आत बरोबर शिरून, जाळीवर आपटून दोरा तुटला, असंही असू शकतं.
जितकं बघते तितकं कमी कळतं.
दुपारी बाबांना सांगितलं. कोल्हापूरचे, फुटबॉल म्हटलं की बँकेतली भाषा गळून पडते. "रेफ्रीनं शिट्टी मारली न्हवं? मग विषय संपला. आमच्या पेठेत असा गोल झाला असता तर चार दिवस गल्लीत भांडणं झाली असती, पण गोल गोलच राहिला असता."
मी म्हणाले, "तुम्हीच शिकवलंत ना, उत्तर बरोबर आलं तरी रीत मांड."
चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. बाबांच्या बदल्या इतक्या की आई आणि बाबांनीच घरी शिकवलं. आईने वाचन, बाबांनी गणित. उत्तर बरोबर आणि रीत नाही, तर बाबा अर्धे गुण कापायचे. आज म्हणाले, "ते गणित होतं. हा माणूस ३१ला रिटायर होतोय, पोरी."
हो. तेच तर.

२३ जाने.
सरांना सांगितलं. भोक नेमकं कुठे होतं, सुतळीऐवजी सद्दा, तुटलेली टोकं, सगळं. वाटलं होतं चेहरा पडेल, किंवा 'अब क्या फ़ायदा' म्हणतील. ते उठलेच. "चलो, देखते हैं."
पूजाला बोलावलं. मी भोक पुन्हा तस्संच विणलं, त्याच दोऱ्याने. सर खांबाशी गुडघे टेकून बसले, चष्मा कपाळावर. पूजाने त्याच जागेवरून खांबाच्या बाहेर मारायचं. पहिला चेंडू विणीवर आपटून परत आला. "फिर से." दुसरा भलतीकडेच. "फिर से." पुढचा दोरा तोडून आत.
सरांनी चेंडू हातात घेतला आणि मनापासून खूश झाले. "अरे, घुस सकती है!" जणू कुणी नवीन खेळ दाखवला.
मग गोलच्या आत, खांबाला चाटून मारायला लावलं. तो मागच्या जाळीवर आपटला आणि त्या हिसक्यानेही दोरा तुटला. म्हणजे दोन्ही शक्य.
सरांनी पूजाला विचारलं, "तुझे क्या दिखा था?"
पूजा बुटाने माती उकरू लागली. "सर... आँखें बंद थीं."
"हर बार बोलता हूँ, किक के समय आँख खुली रख."
"हर बार खुली रखूँ तो डर लगता है ना, सर."
मला हसू आलं, आणि लगेच वाईट वाटलं. ज्याने आयुष्यभर 'काय दिसलं' एवढंच विचारलं, त्याच्या एकुलत्या एक विजेतेपदाचा गोल कुणालाच दिसलेला नाही.

२४ जाने.
सरांनी नईमजींना फोन केला. माझ्यासमोर, स्पीकरवर. सगळं सांगितलं. पलीकडून: "सर, छोड़िए ना. आपकी ट्रॉफी है, हमने मान ली."
"तूने मान ली. तेरी गोलकीपर ने मानी?"
सरांनीच पुढे सांगितलं.
"३१ को सुबह आ जा टीम लेकर. एक मैच और. कागज़ पर कुछ नहीं बदलेगा, ट्रॉफी ड्रम पर रखी रहेगी. जो जीते, ले जाए."
"सर, उस दिन तो आपकी विदाई है."
"वो दोपहर में है."
फोन ठेवल्यावर मी म्हणाले, सर, सॉरी. ते म्हणाले, "किस बात का? आपने देखा, आपने बताया. थोड़ा लेट बताया."
थोड़ा लेट. घरी येताना मेट्रोत तेवढंच डोक्यात.

२६ जाने.
झेंडावंदनानंतर मुलींना कळलं. पूजा: "मतलब ढाल वापस?" मग माझ्याकडे वळून, "आपने बताया ना?" हो म्हणाले. तेव्हापासून मी दीदी नाही. 'जी मैडम', 'ठीक है मैडम'.
तिचंही बरोबर आहे. तिने गोल मारला. डोळे मिटून का होईना.

२८ जाने.
सोडाल्याला, सन्मानपत्र छापायच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, मजकूर उद्या संध्याकाळपर्यंत द्या, नाहीतर फ्रेम होणार नाही. उपलब्धींखाली जुनी उपविजेतेपदं लिहून झाली. नईमजी आणि बाकीच्या कोचांची नावं मी आपणहून घातली, प्राचार्यांना विचारलंही नाही. यंदाच्या ओळीवर येऊन अडते. 'विजेता' लिहिलं तर कागदावर खरं आहे. नाही लिहिलं तर सरांच्या हातात, सगळ्यांसमोर, यंदाचं वर्ष कोरं.
सरांना फोन केला. "आपको जो दिखा, वही लिखिए."
मला जाळी हललेली दिसली. ते फ्रेम करून देऊ का?

२९ जाने.
मजकूर दिला. शेवटची एक ओळ मोकळी सोडायला सांगितली. दुकानदार म्हणाला, "मैडम, ख़ाली छोड़ी हुई लाइन अच्छी नहीं लगेगी." मी म्हणाले, हाताने भरीन. काळं शाईपेन घेतलं.
पूजा सरावानंतर थांबली होती. एकटीच भिंतीवर चेंडू मारत होती. मी जवळून गेले तर न बघता म्हणाली, "खुली रख रही हूँ." बस, एवढंच. मैडमही नाही, दीदीही नाही.

३१ जाने.
सकाळ. अजून सुरू व्हायचंय, ड्रमाशेजारी बसून लिहितेय.
धुकं आहे. ड्रमावर ढाल. सरांनी शेवटच्या दिवशीही पाणी वेळेवर मारून घेतलंय. बाबा घरून, मानसरोवरहून, स्कूटरवर आलेत, थर्मास घेऊन, 'विषय संपला' म्हणणारे. नईमजींना चहा देताना ऐकू आलं, "हमारे कोल्हापूर में ऐसा मैच होता तो टिकट लगता."
मी लवकर येऊन डाव्या खांबाजवळच्या जाळीला नवी नायलॉनची दोरी लावत होते. दीपिका आली. नमस्ते नाही, काही नाही. जाळी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. मग म्हणाली, "इधर ढीली है," आणि बाहेरच्या बाजूला बसली. मी आत. दोरी ती बाहेरून देत गेली, मी आतून ओढत गेले. मधे एकदा विचारलं तिने, "मैडम, आपको सच में नहीं दिखा था?"
"सच में नहीं."
"मुझे दिखा था," म्हणाली. मग दोरी पुढे देताना, आधीपेक्षा हळू: "मतलब, दिखा ही था."
गाठ तिने मारली.
सर हाक मारताहेत. आज मध्यंतराला मी त्यांना विचारणार आहे, तुम्हाला काय दिसलं. पेन खिशात आहे.