ओळखीच्या माणसालाबी अडवायचं

आवं,

आत्याबाईंचे डोळे दाखवायला मिरजेला चाललेय. लेकीलाबी संगं नेतेय. आमटी गॅसवर हाय, गरम करून घ्या. म्हशीला वैरण टाकलीय.

तुमची क्रिप्टोतली सगळी नाणी मी पहाटे विकून टाकली. भाव ठरल्यापेक्षा खाली गेला होता. तो आकडा तुमीच ठरवला होता. माझ्या हातात फोन देऊन तुमीच म्हणाला होता, "भाव हितनं खाली आला की विकायचं. मग मी कितीबी नको म्हणालो तरी ऐकायचं न्हाई." मी हसले, तवा तुमी पलटणीतलं सांगितलं. पहाऱ्यावरचा जवान ओळखीच्या सायबालाबी अडवतो, आन् त्यात सायबाचा अपमान नसतो.

काल जेवताना तुमी म्हणाला, "एकच दिवस थांब." मी नुसती भाकरी वाढली. मग तुमी ताट सारून उठला आन् आपल्या लेकीसमोर मला नको नको ते बोलला. तवाच मला कळलं, अडवायचा माणूस तो हाच.

आत्ता निघताना बघितलं. भाव परत वर चढलाय, लय चढलाय. मला वाईट वाटतंय. पण माझं चुकलं, असं काय वाटत न्हाई.

तो फोन देवघरात ठेवलाय. नाणी परत घ्यायचं मनात आलं तर तुमाला अडवायला आज घरात कुणी न्हाई. पासवर्ड मी बदललेला न्हाई.

विजयमाला