टीप क्रमांक सात

जुईनगर,
१८ जानेवारी १९९८

प्रिय सादिक,

अक्षर ओळखशील. पाकीट न फोडता फेकून दिलं नसलंस, तर सलाम आणि नमस्कार दोन्ही.

रोजे चालू असतील. अख्तरवहिनी बऱ्या असतील, शायमाचा बारावीचा अभ्यास जोरात असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं आहोत तसे आहोत. अभिराम बंगलोरला रुळला. दर रविवारी फोन करतो आणि तीन मिनिटांत ठेवतो. सोसायटीत पाण्याची बोंब आहेच. सेक्रेटरींनी मला परवा विचारलं, "तुम्ही बोला ना सिडकोत जाऊन, तुमचं ऐकतील." मी म्हटलं, घसा बसलाय. घसा बसलेला नव्हता.

सोबत तिळगुळाची पुडी आहे. पोस्टात तिचा चुरा होईल, चालवून घ्या. रोजा सोडल्यावर खा. वैजयंती दर संक्रांतीला तुमच्या घरी येऊन तिळगूळ देते. मला ते माहीत नाही अशी तिची समजूत आहे. या वर्षी तिला येता आलं नाही. गुडघे फार दुखतात. तीन जिने उतरायचे म्हणजे तिला आदल्या दिवसापासून मनाची तयारी करावी लागते.

तू म्हणशील, वाशी जुईनगरपासून दोन स्टेशनं, हा माणूस पत्र कसलं लिहितोय? अरे, तुझ्या ऑफिसच्या दारापर्यंत मी मागच्या आठवड्यात दोनदा येऊन गेलो. काचेतून तू दिसलास. एका म्हाताऱ्या बाईला पासपोर्टचा फॉर्म भरून देत होतास. आत आलो असतो तर बोललो असतो, आणि माझं बोलणं तुला ठाऊक आहे. चौथ्या वाक्याला त्याचं भाषण होतं. म्हणून कागदावर.

आम्ही नोव्हेंबरात लक्षद्वीपला जाऊन आलो. कोच्चीहून जहाज, पाच दिवस, तीन बेटं. आमच्या ग्राहक मंडळाच्या पत्रिकेत माझा लेख आला होता, 'दलालाविना सागरी सफर'. वैजयंतीचा डेकवरचा फोटोही छापलाय. तुझ्या नजरेतून तो सुटला असेल असं वाटत नाही. लेख लोकांना आवडला. पुढच्या रविवारी कळंबोलीला त्याच विषयावर व्याख्यान ठेवलंय.

लेखात लिहिलं ते सगळं खरं आहे. कोच्चीच्या ऑफिसला मी स्वतः पत्र लिहिलं, फॉर्म मागवला, बँकेतून ड्राफ्ट काढला. बेटांच्या परवान्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो, त्यासाठी ठाण्यात चार खेपा घातल्या आणि कुणाला एक चहा पाजला नाही. 'एजंटाचे नाव व शिक्का' असा एक रकाना होता, त्यावर आडवी रेघ मारली. ती रेघ मारताना मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वीस वर्षं सभांमधून जे ओरडून सांगितलं ते एका रेघेत उतरलं असं वाटलं.

जहाज पांढरंशुभ्र होतं. वैजयंती पहिल्या संध्याकाळी कठड्याला धरून जी उभी राहिली ती जेवणाची घंटा होईपर्यंत हलली नाही. तुला माहीत आहे, ती देवगडची. लहानपणी आगबोटीनेच मुंबईला यायची. आगबोट खाडीबाहेर थांबायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला जायची. "मी पडावात उडी मारायचे," असं तिने मला लग्नानंतर शंभर वेळा सांगितलंय. आगबोटी बंद झाल्या, आणि ही बाई गेली दहा वर्षं 'एकदा जहाजात बसायचंय' एवढंच म्हणत राहिली. साडी नको, दागिना नको.

बेटं सुंदर आहेत. पाण्याचा रंग तर असा की, जाऊ दे. तू बारा वर्षं जहाजावर काढलीस, तुला मी काय समुद्र सांगू.

*

काल इथेच थांबलो होतो. पत्रिकेतल्या लेखातही इथेच थांबलो होतो. आज पुढे लिहितो.

जहाज बेटाला लागत नाही, सादिक. बाहेर खोल पाण्यात नांगर टाकतं आणि माणसांना शिडीवरून खाली होडीत उतरावं लागतं. होडी वरखाली होत असते. खालचा खलाशी हात धरतो आणि लाट वर आली की 'आओ' म्हणतो. पहिल्या सकाळी वैजयंती शिडीपाशी आली, पदर खोचला, एक पायरी उतरली. दुसरीला गुडघा वाकेना. मागे चाळीस माणसं रांगेत. "माताजी, जल्दी," खलाशी ओरडला. ती परत वर आली. घाम आला होता, तरी हसत म्हणाली, "पडाव बराच खाली गेलाय हो. तुम्ही जा."

मी गेलो.

तिसऱ्या दिवसापर्यंत मी रोज गेलो. संध्याकाळी परत आलो की ती डेकवरच्या खुर्चीत बसलेली असायची. विचारायची, "काय पाहिलंत?" आणि मी सांगायचो. प्रवाळ, मासे, दीपगृह, शाळेतली पोरं, नारळाच्या वड्या. सांगण्यात माझा हात कोण धरणार! तीन दिवसांत तिला मी तीन बेटं सांगितली. शेवटच्या संध्याकाळी ती म्हणाली, "तुम्ही सांगता ते नेहमी छानच असतं." यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला झोप लागली असती.

बेटावर काय झालं तेही ऐक. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर नारळीच्या सावलीत मी सहप्रवाशांना थेट बुकिंगचं महत्त्व सांगत होतो. डोंबिवलीचे मधुकर म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी भाडं विचारलं. मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "आमचं पण तेवढंच की. एजंटाचं कमिशन जहाजवाले देतात म्हणे, आपल्याला काय फरक पडतो? वर आमच्या माणसाने पहिला प्रश्न काय विचारला सांगू? 'आजींचे गुडघे कसे आहेत?' मी म्हटलं, बरे नाहीत. तर म्हणाला, मग ही टूर नको, आजींना घरी ठेवा नाहीतर दुसरीकडे न्या. म्हणून आई नाही आली." मग त्यांनीच मला विचारलं, "तुमच्या मिसेस कुठे आहेत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, तिला ऊन सोसत नाही.

आयुष्यात मी हजारभर भाषणं केली असतील. त्यांतलं सगळ्यांत लहान आणि धडधडीत खोटं ते एवढंच.

आता तुला पत्र लिहायला बसलो त्याचं कारण सांगतो. पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांकडे जाताना तिने मला पर्समधून जुना कागद काढायला सांगितलं. कागदाबरोबर तुझं व्हिजिटिंग कार्ड निघालं. मागे तुझं अक्षर. 'वैनी, त्या जहाजातून शिडीने होडीत उतरावं लागतं. तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाही. तिथला बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, आमच्या म्हसळ्याचा आहे. आधी फोन गेला तर खुर्चीत बसवून दोराने अलगद उतरवतात. बुकिंग कोणाचं का असेना, फक्त तारीख कळवा.'

रिक्षा थांबली होती, मीटर पडत होतं. मी विचारलं, "हे कधीचं?"

"दिवाळीच्या आधीचं. विचारायला गेले होते मी भाऊजींना."

"म्हणजे शिडीचं तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही नेलंच नसतं. मला जहाजात बसायचं होतं. बसले."

"आणि तारीख? तारीख तरी त्याला कळवायचीस!"

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "ज्या माणसाला तुम्ही भर सभेत तसं बोललात त्याच्याकडून फुकट काम करून घेऊ? माझी जीभ नाही रेटली. त्यांचा धंदा आहे तो. जायचं तर गिऱ्हाईक म्हणून जावं माणसाने."

मग रिक्षावाल्याला म्हणाली, "चला हो, यांचं झालं बोलून."

तर त्या सभेबद्दल. दोन वर्षं होतील मार्चमध्ये. ग्राहक दिन, वाशीचं सभागृह, खुर्च्या तूच सांगून आणल्या होत्यास. तू आणि अख्तरवहिनी तिसऱ्या रांगेत बसला होतात. मी तुझं पिवळं माहितीपत्रक हातात धरून वर केलं. आधी ठरवलेलं नव्हतं. टेबलावर पडलेलं होतं, हाताला लागलं. म्हणालो, "हे बघा, आता समुद्रालाही दलाल आले! समुद्र काय यांच्या बापाचा आहे?" टाळ्या पडल्या. तुझे वडील खलाशी होते आणि ते समुद्रातून परत आले नाहीत, हे त्या सभागृहात तुम्हा दोघांखेरीज एकट्या मला ठाऊक होतं. आपण श्रीवर्धनच्या शाळेत सातवीत होतो. बातमी आली तेव्हा बाकावर तुझ्या शेजारी मी बसलो होतो.

टाळ्या वाजत असताना मला ते आठवलं. नंतर आठवलं असं म्हणता आलं असतं, पण तेव्हाच आठवलं. आणि मी पुढचं वाक्य घेतलं.

सभा संपल्यावर तू जवळ येऊन म्हणालास, "काय नेते, भाषन जोरात झालं. खुर्च्या मोजून परत पाठवा, भाड्याच्या हायत." आणि गेलास. त्यानंतर तुझा आवाज ऐकलेला नाही.

पुस्तकं खूप वाचली, सादिक. शोषणावर वाचलं, व्यापारावर वाचलं, मध्यस्थांनी शेतकऱ्याला कसं नागवलं ते पानंच्या पानं पाठ आहेत. ते खोटं नाही आणि आजही मी ते सोडलेलं नाही. पण समोरच्या बाईचे गुडघे बघून मग तिकीट काढणारा माणूस त्या पुस्तकांत मला भेटला नाही, आणि भेटला तेव्हा तो माझ्याच बाकावरचा होता. दमलो रे. आता कुणाला पटवायचं बळ राहिलेलं नाही.

अजून एक राहिलंय. ते लिहिण्यासाठीच इतकी पानं फिरवली.

फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत टिपा होत्या. माझ्या प्रत्येक भाषणाचा शेवट तुला तोंडपाठ आहे: 'बारीक अक्षरं वाचा!' मी वाचली होती. टीप क्रमांक सात: प्रवाशाला शिडीवरून होडीत स्वतः उतरता आले पाहिजे. खाली प्रत्येक प्रवाशाची सही. वैजयंती स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. चार पावलांवर. मी तिला हाक मारली नाही. तिची सही मीच केली. विचारलं असतं तर ती नाही म्हणेल आणि माझी रेघ, माझा लेख, सगळं राहून जाईल, या भीतीने. तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं, आणि दोघं एकमेकांपासून लपवून त्या शिडीपर्यंत गेलो. तिने जहाजासाठी लपवलं. मी लेखासाठी.

आणि ती 'तुम्ही जा' म्हणाली हे खरं आहे. पण ती म्हणाली तेव्हा माझा एक पाय शिडीवर होता.

सहीचं मी आज सकाळी तिला सांगितलं. ती हरभरे सोलत होती. बराच वेळ सोलत राहिली. मग म्हणाली, "माझी सही तुम्हाला कधी जमलीच नाही. 'व'ला गाठ असते." चारला चहा दिला, तो एकच कप. स्वतःचा खिडकीत उभ्याने प्यायली.

डॉक्टर म्हणतात, जूनमध्ये ऑपरेशन करू, पण पूर्वीसारखे जिने चढता उतरता येतील अशी खात्री देत नाहीत. पावसाळ्यात जहाजं बंद असतात. म्हणजे मार्च किंवा एप्रिल. तिला एकदा वाळूत पाय ठेवायचाय. तसं ती म्हणालेली नाही. ती आता काही मागतच नाही, आणि मला तेच सहन होत नाही.

सोबत नवा फॉर्म जोडलाय. टीप क्रमांक सातखाली तिने स्वतः सही केली आहे, गाठीसकट, आणि पुढे लिहिलंय, 'खुर्ची लागेल.' संध्याकाळी फॉर्म पुढे केला तेव्हा पहिल्यांदा ती नको म्हणाली. मग विचारलं, "भाऊजींना रीतसर पैसे देणार ना?" देणार म्हटल्यावर पेन घेतलं. माझं नाव फॉर्मवर घालायचं की नाही ते तिने अजून सांगितलेलं नाही. तो रकाना कोरा आहे, तसाच राहू दे. तिला विचारून मग भरू.

एजंटाच्या रकान्यात तुझं नाव मी माझ्या हाताने लिहिलंय. शिक्का तुझ्याकडे आहे. मारायचा की नाही ते तू ठरव. नाही मारलास तरी माझी तक्रार नाही, फक्त फॉर्म तिच्या नावाने परत पाठव, माझ्या नको. ओळखीवर काही करू नकोस. जे कमिशन मिळतं ते घे, वर तुझा जो काही चार्ज असेल तो लाव आणि पावती दे.

कळंबोलीचं व्याख्यान रद्द केलेलं नाही. शिडीचं सांगणार आहे, आणि त्या पिवळ्या कागदाचंही. तुला सभेत बोललो होतो, तेव्हा शब्दही सभेतच परत घ्यावे लागतील. तू येऊ नकोस. खुर्च्या मीच सांगितल्यात, मोजूनही मीच देईन.

अख्तरवहिनींना माझा नमस्कार सांगावा असं वाटतं, पण सांगायचा की नाही ते तुझ्यावर सोडतो.

'गिऱ्हाईक' म्हटलं की मी तुला चारचौघांत दुरुस्त करायचो. ग्राहक म्हण, म्हणायचो. तू हसून पुन्हा तेच म्हणायचास.

तुझं एक जुनं गिऱ्हाईक, पहिल्यांदाच दारात आलेलं,
दिनू