टीव्हीकडे पाठ

जुबैल, गुरुवार संध्याकाळ

बाकं सगळी एकाच दिशेला. डोक्यातून जातच नाही. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात निराधार माणसांना जिथे ठेवायचे, त्या वर्कहाउसबद्दल आठवडाभर वाचतोय. इंग्रजी माझं मी शिकलो. शब्द अडला की शोधतो, सोडून देत नाही. तिथे नवरा-बायकोलाही वेगळं ठेवत. आणि काही ठिकाणी जेवणघरात बाकं अशी मांडलेली, की समोर फक्त पुढच्याची पाठ दिसावी. बोलायला मनाई.

आज सकाळी इथे आखातात, आमच्या कामगार कॅम्पच्या मेसमध्ये तेच दिसलं. सगळ्या खुर्च्या टीव्हीकडे. इथे तर कोणाचा हुकूम नाही, आम्हीच वळवून घेतल्या. माझ्या खोलीतला सावंत कायमचा गावी जाईपर्यंत आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो. मग मीही रांगेत बसू लागलो. कधीपासून? आठवत नाही, आणि म्हणे मी सगळं लक्षात ठेवतो.

हिला फोनवर बाकांचं सांगितलं. म्हणाली, "ते राहू द्या. तुम्ही जेवलात का?"

नव्हतो जेवलो. मेसमध्ये गेलो आणि खुर्ची उलटी फिरवून बसलो. समोर नवीन आलेला बिहारी फिटर, कानात इअरफोन.

"चाचा, टीव्ही पीछे है."

"मालूम है."

एवढं वाचतो, आणि बोलायला एक वाक्य नाही. शेवटी विचारलं, "दाल में नमक ठीक है?"

त्याने इअरफोन काढला, डाळ पुन्हा चाखली. "थोडा कम है, चाचा."

कमी नव्हतं. मीठ अगदी बरोबर होतं. तरी मी उठून मिठाची डबी आणली, आणि दोघांनीही चिमूटभर घालून घेतलं.