पेटीसकट

मी, शुभदा उल्हास वर्तक, वय बासष्ट, राहणार त्सुफेनहाउझेन, स्टुटगार्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. चिरंजीव सुमित यांना शंका असल्यास त्यांनी डॉक्टरांना विचारावे. इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, हस्ताक्षर पुरते. पण साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र मला अळणी आमटीसारखे वाटते, म्हणून दोघींना बोलावले आहे.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक सुमितला. त्याच्या बाबांनी कारखान्यात राबून हे उभे केले.

२. भांडीकुंडी सूनबाई ऊर्मिलाला. पुरणयंत्र तिने कधी मागितले नाही, तरी घ्यावे.

३. आता मुद्द्याचे. कपाटाच्या वरच्या फळीवर एक तबकडी आहे. बर्मिंगहॅमला आमचा 'फाउंड्री लेन' नावाचा, रेगे हे जमैकन संगीत वाजवणारा गट होता. जमैकन कामगारांची पाच मुले आणि पेटी वाजवणारी मी, ओतशाळेतल्या मराठी कामगाराची मुलगी. बाबांनी मला भजनात सम गाठायला शिकवले होते. आमचा गायक लेस्टर पहिल्याच तालमीत म्हणाला, "ती मात्रा मोकळी सोड, तिथे श्वास घे." नातेवाईक म्हणाले, पोरगी हातची गेली. गेले, आणि खुशाल गेले.

४. १९७८ साली एका रेकॉर्ड कंपनीने करार पुढे केला. अट एकच, पेटी नको आणि पेटीवालीही नको. लेस्टरने तो कागद तिथेच फाडला. रेकॉर्ड निघाली नाही. उरली ती ही एकच तबकडी, नाचाच्या जलशात वाजवायला कापलेली. अशी तबकडी मऊ असते, दर खेपेला थोडी झिजते. पुढची पाच वर्षे आम्ही खटारा व्हॅनमधून हॅम्बर्गपासून स्टुटगार्टपर्यंत वाजवत फिरलो. इथल्या एका कार्यक्रमात पहिल्या रांगेतला मराठी इंजिनियर नेमक्या मोकळ्या समेवर टाळी देत होता. चुकीच्या जागी, पण मनापासून. मी त्याच्याशी लग्न केले.

५. गेल्या महिन्यात सुमितने त्या तबकडीवरचे गाणे गाडीच्या जाहिरातीत वापरण्याचा करार आणला. "आई, फक्त तीस सेकंद! पेटी ते कॉम्प्युटरवर काढून टाकतील. आल्झो, म्हणजे प्रॉब्लेमच नाही." मी म्हटले, "लेस्टर आता नाही. पण मी आहे." आणि फाडला. सुमित, तू वाईट नाहीस रे. पण माझ्या माघारी तू सही करशील, हे मला पक्के ठाऊक आहे. याचा मला राग येतो, आणि त्याहून जास्त वाईट वाटते.

६. म्हणून ती तबकडी विकू नये, मोबाइलवर उतरवून घेऊ नये, आणि जपूनही ठेवू नये. माझ्या अंत्यविधीला वाजवावी, पुन्हा पुन्हा, नुसती खरखर उरेपर्यंत. हॉल अर्ध्या तासासाठी घेऊ नका. बाईने चंदनासारखे झिजावे, असे मला जन्मभर ऐकवले गेले. माझे झिजून झाले; आता तिला झिजू द्या.

७. पेटी माझी नात अन्वी हिला. ती मराठी ऐकते, उत्तर जर्मनमध्ये देते. ते गाणे तिला मी सगळे शिकवले आहे. संपले की ती म्हणते, "ओमा, नोखमाल!" मग आजी पुन्हा सुरू करते. यापुढे ज्याला गाणे हवे असेल त्याने तिच्याकडे जावे. पेटीसकट मिळेल.

८. त्या दिवशी टाळ्या खुशाल वाजवा, पण समेवर कोणीही देऊ नये. ती जागा उल्हासची होती. आता आम्हा दोघांची आहे.

साक्षीदार:
मुक्ता राजाध्यक्ष, मैत्रीण
फ्राऊ क्लाइन, खालच्या मजल्यावरील शेजारीण. दुपारच्या वेळी पेटी वाजते म्हणून हिने तीस वर्षे तक्रारी केल्या. अंत्यविधीला पहिल्या रांगेत बसणार, असे तिने आज बजावले आहे.

त्सुफेनहाउझेन, ९ ऑक्टोबर २०१६

सही:
शुभदा उल्हास वर्तक
पेटीवाली, फाउंड्री लेन