भिंतीची बुजवलेली भोकं

अणशी, शनिवार, १२ जुलै १९५८

घाटात डोंगराची माती अडवायला मी बांधलेल्या भिंतीनं फुगून पोट काढलं आणि आज ती रस्त्यावर कोसळली. ओव्हरसियर चारचौघांत म्हणाले, "मेस्त्री, तुझं काम कच्चं." कच्चं? मातीतलं पाणी निघायला मी भोकं ठेवली होती. मोठे साहेब पाहणीला येणार, भोकं वाईट दिसतात म्हणून या ओव्हरसियरनीच ती बुजवायला लावली. आणि मी माझ्याच थापीनं बुजवली! का ऐकलं मी?

बायको म्हणाली, "शेताच्या बांधालाबी आपण पाण्याला वाट ठेवतो. त्यास्नी एवढं कळत न्हाई?"

सोमवारी मागची चिकणमाती उपसून दगडगोटे भरणार. भिंत पुन्हा बांधताना भोकं ठेवणारच. पुन्हा बुजव म्हणाले, तर थापी त्यांच्या हातात देईन. बुजवा, आणि पावसात भिंतीखाली उभे राहा.