पूजेतली घंटा

पूर्वा,
वादळामुळे शाळा बंद आहे, म्हणून तुला उठवलं नाही. मी शेजारच्या मुस्तफाभाईंच्या गाडीतून बाबांना गाठायला रुस्ताककडे निघालेय.

सकाळी बाबांचा तिकडून फोन आला, “रस्त्यावरून वाहणाऱ्या वादीचं पाणी उतरल्यासारखं दिसतंय, गाडी घालू का?” माझी पूजा व्हायची होती, त्याआधी मी बोलत नाही. घाबरून मी जोरात घंटा वाजवली, थांबा म्हणून. पण आपल्या घरात पूजेतली घंटा म्हणजे माझं ‘हो’ असतं ना गं! मौन मोडून ओरडले, तोवर त्यांनी फोन ठेवला होता. आता तो लागतच नाही.

उपमा झाकून ठेवलाय. शहनाजमावशी खालीच आहेत. बाबांचा फोन आला, तर आधी ‘थांबा’ म्हण, मोठ्यांदा.
आई